सालीवरच्या रेषा, कॅनव्हासवरचे ठिपके

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची चित्रं म्हटलं की बहुतेकांना ठिपकेच आठवतात. पण ठिपके मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधले योल्ङू लोक निलगिरीच्या सालीवर गेरू, पांढरी माती आणि कोळशाने रंगवतात. त्यांची ओळख म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा. दोन्हींत पूर्वजांच्या कथा आणि जमिनीचं नातं असतं, म्हणून गल्लत होते.

सालीची वाट थेट संसदेत गेली. १९६३ साली सरकारने यिरकला इथल्या योल्ङूंना न विचारता त्यांच्या राखीव क्षेत्रातली ३०० चौरस किलोमीटरहून जास्त जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी वगळली. योल्ङूंनी गुमाच या आपल्या भाषेत आणि इंग्रजीत टाइप केलेले अर्ज सालीवर चिकटवले आणि भोवती आपल्या कुळांची चित्रं काढली. ती शोभेसाठी नव्हती. कोणती आकृती कोणी काढायची हे जमिनीच्या नात्यावरून ठरतं, म्हणजे ती चौकट हाच त्यांचा सातबारा. खाण थांबली नाही, १९७१ मध्ये खटलाही ते हरले. पण त्या पराभवानंतर चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९७६ मध्ये आर्नहेम लँड ज्यात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरी प्रदेशासाठी जमीनहक्क कायदा आला.

ठिपक्यांचं उलट, तिथे झाकण्याला महत्त्व. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला पापुन्या ही सरकारी वसाहत. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. (प्रशासनाने काही वर्षांतच त्यावर रंग फिरवला!) पुढच्याच वर्षी चित्रकारांनी स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीच्या चित्रांत गुप्त विधींच्या खुणा उघड दिसत. इतर आदिवासींनी आक्षेप घेतला, आणि ठिपके दाट होत गेले त्याचं हे एक मोठं कारण. पैसा आला, पण चित्रकाराच्या हाती थोडाच. पापुन्याचे चित्रकार क्लिफर्ड पॉसम यांचं ‘वार्लुगुलाँग’ १९७७ मध्ये १,२०० डॉलरला गेलं आणि २००७ मध्ये २४ लाखांना. तोवर ते हयात नव्हते. ठरावीक पुनर्विक्रींवर कलाकाराला किंवा वारसांना ५ टक्के देणारा नियम २०१० मध्ये लागू झाला. फार उशीर झाला, असं माझं मत.

अर्थात सालीवर हक्क सांगणं आणि ठिपक्यांत झाकणं, ही विभागणी फार ताणू नये. १९९७ मध्ये ग्रेट सँडी वाळवंटातल्या चित्रकारांनी ८ बाय १० मीटरच्या कॅनव्हासवर ॲक्रिलिकने आपला मुलूख रंगवला आणि जमीनहक्काचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणासमोर अंथरला. साक्ष देणारा चित्रातल्या आपल्या जागेवर उभा राहून बोले. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला.