परिचारिकेकडून होणारी शारीरिक तपासणी (खानदेश)

रुग्णाची त्वचा, मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या (क्रेनियल नर्व्ह) आणि रोजची कामे स्वतः करण्याची ताकद यांची परिचारिकेने केलेली पद्धतशीर पाहणी. निदान डॉक्टर करतात. पण रुग्ण काल कसा होता नि आज कसा आहे, हे बहुधा सिस्टरच्या नोंदीवरूनच कळते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दवाखान्यांत ही पाहणी इथली माणसे, इथले ऊन नि इथली शेती ओळखूनच करावी लागते.

त्वचा दिवसाच्या उजेडात पाहावी. सावळ्या अंगावर रक्तक्षय चेहऱ्यावर कळत नाही. खालची पापणी ओढून, जीभ आणि तळहात बघून कळतो. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) आढळतो. त्यामुळे फिकेपणा, पिवळे डोळे आणि सांधेदुखी एकत्र दिसली की रक्ततपासणी सुचवावीच. अंथरुणाला खिळलेल्याच्या माकडहाडावर लाली उमटेल म्हणून थांबू नये. जागा भोवतालपेक्षा गरम, कडक लागते का, हे हात लावून पाहावे. बेडसोरची सुरुवात तिथेच सापडते. फिकट चट्ट्यावर, रुग्णाचे डोळे मिटवून, कापसाचे टोक टेकवावे. स्पर्श कळला नाही तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसणे हे पाणी कमी झाल्याचे लक्षण; म्हाताऱ्यांची कातडी मुळातच सैल असते, म्हणून त्यांची जीभ आणि लघवीही पाहावी.

नसांच्या तपासणीत दोन गोष्टी जीव वाचवतात. मण्यार चावली की दुखणे, सूज जवळजवळ नसते. पहाटे पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटते झोप आली. अशा वेळी ‘वर बघा’ म्हणावे, पापणी उचलत नसेल तर क्षणही दवडू नये. कपाशीवर फवारणी करून आलेल्याच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, तर विषबाधा गृहीत धरावी. तोंड वाकडे झालेल्याला कपाळावर आठ्या घालायला सांगावे: दोन्हीकडे पडल्या तर दोष बहुधा मेंदूत, एका बाजूला पडल्याच नाहीत तर चेहऱ्याच्या नसेत. लकव्याच्या रुग्णाला गिळता येते की नाही हे पाहिल्याखेरीज पाणी पाजू नये.

दैनंदिन कामांसाठी कॅट्झ (१९६३) आणि बार्थेल (१९६५) हे निर्देशांक वापरतात. कॅट्झमध्ये आंघोळ, कपडे, शौच, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण अशा ६ बाबी आहेत. बार्थेलचे गुण १०० पर्यंत. उकिडवे बसणे, भाकरी थापणे, हंडा उचलणे मात्र त्यांत नाही, ते वेगळे विचारावे. सून आंघोळ घालते म्हणून आजी असमर्थ ठरत नाहीत. ‘करता का’ आणि ‘करता येतं का’ हे दोन प्रश्न आहेत. अहिराणीत ‘दुखस का?’ विचारले की आजी मोकळेपणी बोलतात. भिली, पावरी बोलणाऱ्यांसाठी आशाताईंची (गावातल्या आरोग्यसेविकेची) मदत घ्यावी, आणि नातेवाइकाने दिलेले उत्तर रुग्णाच्या नावावर लिहू नये.