टाचदुखी, मुरगळलेला घोटा आणि मधुमेहींचे तळवे

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात पायाची जी दुखणी येतात, त्यांत सर्वाधिक तक्रार टाचेची. ‘सकाळी पहिलं पाऊल टेकवत नाही, थोडं चाललं की मोकळं होतं, आणि दिवसभर ओट्यापाशी उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणकतं.’ हे वर्णन तुमचेही असेल, तर दुखणे बहुधा तळव्यातल्या जाड पट्ट्याचे आहे. हा पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जातो. रात्री तो आखडतो आणि उठल्याबरोबर त्याच्यावर अंगाचा सगळा भार पडतो.

एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलंय’ असे ऐकून पुष्कळ जण धास्तावतात. असे वाढलेले हाड कधीच न दुखलेल्या टाचांतही सापडते. ते काढण्याची वेळ क्वचितच येते.

खरा उपाय व्यायामाचा. पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पायाची बोटे नडगीच्या दिशेने ओढा, दहा आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा: पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ लागला, तर ताण बरोबर बसतो आहे. जोडीला भिंतीला हात टेकून पोटऱ्यांचा ताण घ्या.

आणि कडक फरशीवर अनवाणी फिरू नका. ‘घरात चप्पल कशी घालायची?’ असे आम्हाला नेहमी विचारतात. मऊ, जाड तळाची एक जोडी फक्त घरासाठी ठेवा, ती उंबऱ्याबाहेर नेऊ नका. आराम पडायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडू नका. इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण ते वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा धोका असतो.

पाय मुरगळला तर पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, गरम शेकही नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. सूज उतरली की लोक उपचार थांबवतात आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम तेव्हाच तर सुरू करायचे असतात.

मधुमेह असेल तर मात्र न दुखणाऱ्या पायाचीच अधिक काळजी घ्या. संवेदना गेलेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, दुपारी तापलेल्या देवळाच्या फरशीने आलेला फोडही कळत नाही. रोज रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. कुरूप ब्लेडने कापू नका. त्यावर लावायच्या औषधी पट्टीत बहुधा सॅलिसिलिक आम्ल असते, त्याने चांगली कातडीही जळते. एमसीआर चपला, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या तळाच्या चपला, वापरा. जखम, लाली किंवा गरम सूज दिसली, तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पहिल्या भेटीला येताना जुने रिपोर्ट आणि रोज वापरातली, झिजलेली चप्पल घेऊन या. तळ कुठे झिजला आहे, ते पाहूनच आम्ही तपासणी सुरू करतो.