कालप्रवास नव्हे, उलटा काळ: 'टेनेट'ची पार्श्वभूमी

२०२० च्या मे महिन्यात आलेल्या, ख्रिस्तोफर नोलन दिग्दर्शित 'टेनेट' या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये एक पात्र विचारतं, "टाइम ट्रॅव्हल?" समोरचा म्हणतो, "नाही. इन्व्हर्जन." इतकं स्पष्ट सांगूनही आपल्याकडे या चित्रपटाला 'कालप्रवासाचा थरारपट' हीच चिठ्ठी चिकटली. ती चुकीची आहे असं म्हणणं थोडं कडक होईल, पण चित्रीकरणाचे सगळे खटाटोप त्या एका 'नाही'तून आलेत, आणि तो वगळला की ते नुसते हौसेचे वाटतात.

नेहमीच्या कालप्रवासात उडी असते. यंत्रात बसायचं, साल लावायचं, त्या सालात उतरायचं. 'टेनेट'मध्ये उडीच नाही. आठवडाभर मागे जायचंय? मग आठवडाभर उलटं जगा. पात्रं मालवाहू जहाजावरच्या कंटेनरमध्ये दिवसच्या दिवस बसून राहतात ती यासाठी. काळाचा वेग तोच, मिनिटाला मिनिट. बदलते ती फक्त दिशा. ती बदलायला एक फिरतं दार आहे. दाराच्या एका बाजूची खोली लाल उजेडाची, दुसरी निळ्या. पलीकडून बाहेर पडलेल्या माणसाला बाकीचं जग उलटं चालताना दिसतं आणि जगाला तो. त्याची फुप्फुसं साधी हवा घेऊ शकत नाहीत म्हणून तोंडावर मास्क. आणि आगीत सापडला तर तो भाजत नाही, गारठतो, कारण उष्णतेचा प्रवाहही त्याच्यापुरता फिरलेला असतो.

यामागचा आधार एन्ट्रॉपीचा, म्हणजे आपोआप वाढतच जाणाऱ्या विस्कळीतपणाच्या मापाचा. कपातला चहा निवतो, आपोआप तापत नाही. काळ पुढे चाललाय हे आपल्याला कळतं ते अशाच गोष्टींवरून. एखाद्या वस्तूची एन्ट्रॉपीच उलटी करता आली तर, ही चित्रपटाची कल्पना. पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन भार असलेला जुळा कण) म्हणजे काळात मागे जाणारा इलेक्ट्रॉन, हा १९४० च्या दशकात दोन अमेरिकी शास्त्रज्ञांमध्ये चर्चिला गेलेला विचार संवादात येऊन जातो. कणाला जे कागदावर चालतं ते अख्ख्या माणसाला लावणं ही सिनेमाने घेतलेली मोकळीक, आणि ती घेतलेली बरी.

मराठीत या 'इन्व्हर्जन'ला म्हणायचं काय, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 'विपर्यास' म्हटलं की अर्थाचा अनर्थ. 'व्यस्त' शाळेत व्यस्त प्रमाणात भेटलेला, पण 'व्यस्त माणूस' म्हणजे कामात बुडालेला माणूस. 'प्रतिलोम'ला विवाहाचा जुना वास. बरं, 'कालप्रवास' तरी कुठे निर्दोष आहे? पटकन वाचलं तर तो काल केलेला प्रवास होतो. गंमत म्हणजे चित्रपटाला हवा तसा शब्द मराठीत रोज वापरात आहे: परवा. 'परवा आलो' आणि 'परवा येतो', शब्द एकच; काळाची दिशा क्रियापद ठरवतं. उलट-सुलट सारखं वाचता येणारं नाव आपल्याला नवं नाही, 'चिमा काय कामाची' म्हणतच मोठे झालो आपण. 'टेनेट' हा शब्द मात्र लॅटिन, अर्थ 'धरून ठेवतो'. पाच-पाच अक्षरांच्या पाच शब्दांचा एक प्राचीन चौकोन आहे, पॉम्पेई या रोमन शहराच्या अवशेषांतही सापडलेला. त्याच्या मधोमध हा शब्द बसतो. उरलेले चार शब्दही चित्रपटात आहेत: साटोर हा खलनायक, आरेपो हा नकली चित्रं करणारा, ओपेरा हे सुरुवातीच्या हल्ल्याचं ठिकाण आणि रोटास ही सुरक्षा कंपनी. मला तरी या सगळ्यात 'उलट' हाच शब्द बरा वाटतो. उलट माणूस, उलट गोळी. बोलताना अडत नाही.

उडी नसल्याचा परिणाम थेट सेटवर झाला. उडी दाखवायला एक कट पुरतो. इथे सरळ आणि उलटी माणसं एकाच चौकटीत हवीत. नुसती फिल्म उलटी फिरवली तर चौकटीतले सगळेच उलटे होतात. म्हणून नटांनी आणि स्टंटवाल्यांनी मारामारी दोन्ही दिशांनी पाठ केली: ठोसा आधी मागे घ्यायचा, मग तो बसायचा. पाठलागात मोटारी खरोखर मागे पळवल्या. आयमॅक्सचे कॅमेरे उलटे चालतील असे करून घेतले. संगीतकाराने वादकांकडून उलट्या सुरांची नक्कल वाजवून घेतली आणि ते ध्वनिमुद्रण पुन्हा उलटं केलं. दृश्य-इफेक्टचे शॉट ३०० च्या आतच राहिले, आणि पुढे ऑस्कर मिळालं ते नेमकं दृश्य-इफेक्टसाठीच.

चित्रीकरण २०१९ च्या मे महिन्यात एस्टोनियात सुरू झालं. देश एकूण सात. एस्टोनियाची राजधानी टॅलिनमधली, १९८० च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली, आता ढासळत चाललेली काँक्रीटची सभागृह-इमारत कीवच्या ऑपेरा हाउसच्या जागी उभी राहिली. पाठलागासाठी शहरातला मुख्य रस्ता महिनाभर बंद हवा, या मागणीवर महापौरांनी हरकत घेतली. शेवटी थोड्या थोड्या वेळाचे अडथळे आणि वळवलेली वाहतूक यावर तडजोड झाली. कॅलिफोर्नियात जुनं बोइंग ७४७ विकत घेऊन इमारतीवर घातलं. छोटी मॉडेल्स आणि सेट बांधण्यापेक्षा ते परवडतं असा हिशेब निघाला होता.

मुंबईच्या वाट्याला सप्टेंबरचे पाच दिवस आले. गेटवे, कुलाबा मार्केट, यॉट क्लब, ग्रँट रोड, ब्रीच कँडी. गणपती नुकतेच येऊन गेले होते आणि पावसाचा भरवसा नव्हता. इमारतीवर खालून वर उसळणारी बंजी उडी इथलीच. 'बॉबी'तून १९७३ साली आलेली अभिनेत्री इथे शस्त्रांच्या व्यापाराची खरी सूत्रधार झाली. तिच्या घरात मात्र काळ सरळच चालतो.

गेटवेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर वॉटसन हॉटेलची इमारत आहे. ७ जुलै १८९६ ला तिथे ल्युमिए बंधूंच्या फिती दाखवल्या गेल्या, त्यांत भिंत पाडण्याची एक होती. हीच फीत फ्रान्समध्ये उलटी चालवून दाखवत आणि पडलेली भिंत धुरळ्यातून परत उभी राही. 'टेनेट'च्या शेवटच्या लढाईत एक इमारत एकाच वेळी जुळते आणि कोसळते. युक्ती तीच, फक्त दोन्ही दिशा एकत्र.

प्रदर्शन १७ जुलै २०२० ला ठरलं होतं. कोरोनामुळे ते ३१ जुलैवर गेलं, मग १२ ऑगस्टवर, मग बेमुदत. सुमारे २० कोटी डॉलरचा चित्रपट घरच्या पडद्यावर सोडायचा नाही, हा हट्ट होता. अखेर २६ ऑगस्टला ब्रिटनसह काही देशांत आणि ३ सप्टेंबरला अमेरिकेत तो लागला, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसची चित्रपटगृहं बंदच होती. जगभरची कमाई साधारण ३६ कोटी डॉलर. खर्च आणि चित्रपटगृहांचा वाटा धरला तर ही रक्कम तोट्याकडे झुकते. संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार वेगळी, आणि रास्त.

महाराष्ट्रातली चित्रपटगृहं ५ नोव्हेंबरला निम्म्या आसनांवर उघडली होती. 'टेनेट' भारतात ४ डिसेंबरला आला. एकाआड एक खुर्चीवर फुली, उरलेल्या खुर्च्यांत मास्क लावलेले प्रेक्षक, पडद्यावरही मास्क लावलेली माणसं. आदल्याच दिवशी 'टेनेट'च्या स्टुडिओने, वॉर्नर ब्रदर्सने, २०२१ चे आपले सगळे चित्रपट अमेरिकेत चित्रपटगृहांबरोबरच ऑनलाइनही सोडणार असं जाहीर केलं होतं. दिग्दर्शकाने त्यावर उघड टीका केली. त्याचा पुढचा चित्रपट २०२३ मध्ये आला, दुसऱ्या स्टुडिओकडून.