संगणक हार्डवेअरचे आद्य शिल्पकार

गणित करणारे, माहिती साठवणारे आणि दिलेल्या आज्ञा क्रमाने पाळणारे यंत्र प्रत्यक्ष घडवणारे संशोधक, अभियंते आणि कारागीर म्हणजे संगणक हार्डवेअरचे आद्य शिल्पकार. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, माउस असा संगणकाचा जो भाग हाताला लागतो, तो त्यांच्या कामातून आला. या इतिहासातले मोठे टप्पे कोल्हापूरपासून दूर घडले. तरीही लेथ, ओतकाम आणि यंत्रमाग यांवर वाढलेल्या या जिल्ह्याला तो परका वाटू नये. त्याचे एक मूळ मागात आहे आणि पहिली मोठी अडचण मशीन शॉपमधली आहे.

फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास नक्षीचे कापड विणणारी यंत्रणा सिद्ध केली. नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असे. जिथे छिद्र असेल तिथे सुई आरपार जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. छिद्र नसेल तिथे धागा खालीच राहतो. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला, आणि पुढे ते गाव मागांच्या आवाजावरच ओळखले जाऊ लागले. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच खुणांवर सारा संगणक चालतो, हे जकार्ड चालवणाऱ्या विणकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८२२ मध्ये गणिती कोष्टके काढणाऱ्या ‘डिफरन्स इंजिन’चा प्रस्ताव मांडला आणि १८३०च्या दशकात त्याहून व्यापक अशा ‘ॲनालिटिकल इंजिन’चा आराखडा केला. त्यात आकडे ठेवण्याची जागा वेगळी, आकडेमोड करणारा भाग वेगळा आणि आज्ञा देण्यासाठी जकार्डचे पुठ्ठे अशी रचना होती. इंग्रज गणितज्ञ एडा लव्हलेसने १८४३ मध्ये त्यावर लिहिलेली टिपणे आजही अभ्यासली जातात. पण बॅबेजचे कोणतेही मोठे यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. हजारो भाग एकमेकांना तंतोतंत जुळायला हवे होते, आणि तेव्हा प्रत्येक कारखान्याचे स्क्रूचे आटेही वेगळे असत. डिफरन्स इंजिनाचे काम जोसेफ क्लेमेंट या अव्वल टूलमेकरकडे होते. पैशांवरून दोघांचे बिनसले, १८३३ मध्ये काम थांबले, आणि सरकारचे सुमारे १७,००० पौंड खर्ची पडले.

मात्र क्लेमेंटच्या त्या शॉपमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाचा तरुण काम करत होता. त्यानेच १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण मांडले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या इंजिनाचा बोल्ट हातात घेऊन कुणी ‘हा बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) आहे’ म्हणतो, तेव्हा तो याच व्हिटवर्थचे नाव घेत असतो. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये बॅबेजच्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा गणन-भाग त्याच्या काळात शक्य होती तेवढ्याच अचूकतेने बनवून दाखवला आणि तो बिनचूक चालला. आराखडा बरोबर होता. तो घडवून घेणारी माणसे, पैसा आणि सबुरी एका जागी जमली नाहीत.

छिद्रांचा धागा पुढे अमेरिकेत हर्मन हॉलरिथने उचलला. १८९०च्या जनगणनेची मोजणी त्याच्या यंत्रांवर झाली, आणि त्याची कंपनी विलीनीकरणांतून पुढे आयबीएमचा एक पाया ठरली. जर्मनीत कोनराड झुझेने १९४१ मध्ये टेलिफोनचे रिले (विजेने उघड-मीट होणारे स्विच) वापरून ‘झेड ३’ हा आज्ञावलीवर चालणारा संगणक बनवला.

या सर्वांत टॉमी फ्लॉवर्सचे नाव सर्वांत कमी घेतले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. हा लंडनमधला गवंड्याचा मुलगा, टपाल खात्याचा अभियंता. हजारभर व्हॉल्व्ह, म्हणजे विजेचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, एकत्र चालवले तर सतत कुठला ना कुठला जळणार, असे बड्या मंडळींचे मत होते. टेलिफोन एक्स्चेंजच्या अनुभवावरून फ्लॉवर्सला ठाऊक होते की व्हॉल्व्ह खराब होतात ते मुख्यतः चालू-बंद करताना. यंत्र बंदच केले नाही तर ते टिकतात. या व्यवहारज्ञानावर सुमारे १,६०० व्हॉल्व्हचा ‘कलॉसस’ हा संगणक उभा राहिला आणि १९४४ च्या सुरुवातीस जर्मन संदेश उलगडण्याच्या कामी लागला. युद्धानंतर बहुतेक यंत्रे मोडून टाकली गेली, सारे गुप्त राहिले, आणि फ्लॉवर्सला १९७०च्या दशकापर्यंत आपले काम कुणाला सांगताही आले नाही. तोवर पहिलेपणाचा मान अमेरिकेतील प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली यांच्या ‘एनिॲक’ला मिळून गेला होता. तो सुमारे १८,००० व्हॉल्व्ह आणि ३० टन वजनाचा, १९४६ मध्ये जगापुढे आलेला संगणक.

व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने, म्हणजे अर्धवाहकाच्या छोट्या स्विचने, घेतली. बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी तो चालवून दाखवला. १९५६ चे नोबेल त्यांना विल्यम शॉकलीसह मिळाले. १९५८ मध्ये जॅक किल्बीने आणि लगेच पुढच्या वर्षी रॉबर्ट नॉइसने अनेक घटक एकाच अर्धवाहक तुकड्यावर आणण्याचे मार्ग काढले. १९७१ च्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरमध्ये (एकाच चिपवर बसवलेल्या प्रोसेसरमध्ये) २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्याची कल्पना टेड हॉफ आणि स्टॅनली मेझर यांची, तर सिलिकॉनवर उतरवण्याचे काम फेदेरिको फॅजिनने जपानच्या मासातोशी शिमाच्या साथीने केले. फॅजिनने चिपच्या कडेला आपली आद्याक्षरे कोरली आहेत.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या पुढाकाराने घडलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. अकोला जिल्ह्यात जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ महासंगणक उभा केला. पुण्यात जन्मलेले विनोद धाम इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या विकासाशी, तर बडोद्यात शिकलेले अजय भट्ट संगणकाला इतर उपकरणे जोडणाऱ्या यूएसबीशी जोडलेले आहेत.

कोल्हापूरच्या कारखान्यांत संगणकाचा सर्वांत खोल शिरकाव टेबलावरून झाला नाही, तो मशीनच्या कंट्रोलरमधून झाला. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळण अचूक कापण्यासाठी अमेरिकेतील जॉन पार्सन्सने छिद्रपत्रांच्या गणकयंत्रांवर बिंदू काढण्याची युक्ती योजली. तिच्यातून एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग मशीन सादर झाले. पुढे फितीची जागा मायक्रोप्रोसेसरने घेतली आणि संगणकाच्या आज्ञांवर चालणारे सीएनसी मशीन आजच्या रूपात आले. जपानमध्ये सेईउमोन इनाबा यांनी फुजित्सूत सुरू केलेल्या याच कामातून १९७२ मध्ये फानुक ही स्वतंत्र कंपनी झाली.

ऑइल इंजिनांच्या काळात कोल्हापूरचे कारागीर म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्यांच्या पिढीने नजरेच्या अंदाजाने आणि हाताच्या सफाईने जो माल काढला, त्याच जातीचा माल आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत सीएनसी आणि व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनिंग सेंटरवर) निघतो. ओतीव भाग मशीनवर चढवून ऑपरेटर प्रोग्राम लावतो, पहिला नग मोजतो, ऑफसेट (हत्याराच्या जागेचा आकडा) दुरुस्त करतो आणि मगच लॉट सोडतो. क्लेमेंटला एकेका भागासाठी जी अचूकता हाताने साधावी लागे, ती इथे एका पाळीत शेकडो नगांवर राखली जाते.