हुकमाची हाफ पँट, हौसेची हाफ पँट

एप्रिल लागला की पुण्या-मुंबईच्या दुकानांत दर्शनी जागेवर शॉर्ट्स येतात. तरी चाळिशी ओलांडलेले बरेच पुरुष त्यांना हात लावत नाहीत. घरात चालेल, सोसायटीच्या आवारात चालेल, फार तर गोव्याला. त्यापुढे फुल पँटच. याला नुसता संकोच म्हणून भागत नाही. आपल्याकडे हाफ पँट अंगावर चढली ती वरून आलेल्या हुकमाने, आणि फुल पँट मिळाली ती बढती म्हणून. आज उन्हाळ्यासाठी चड्डी निवडताना जो प्रश्न पडतो, त्याची मुळं या क्रमात आहेत.

उघडे गुडघे आपल्याला नवे नव्हतेच. शेतात वर खोचलेलं धोतर, कोळ्यांचा रुमाल, गोव्यातल्या गावड्या-कुणब्यांची काष्टी, तालमीतला लंगोट, मावळ्यांचा मांडचोळणा. राबणाऱ्याचे पाय उघडेच असायचे. मात्र चावडीवर किंवा लग्नाला जाताना धोतर घोट्यापर्यंत सोडलं जायचं. कामाचे पाय उघडे आणि मानाचे झाकलेले, हा भेद इंग्रजांच्या आधीपासूनचा. इंग्रजांनी त्याला गणवेशाची शिस्त लावली.

त्या गणवेशाचा रंग पेशावरचा. १८४६ साली हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली आणि लाल डगल्याऐवजी मातकट कपडे दिले. धुळीच्या मुलखात लाल रंग लांबून दिसतो, मातकट दिसत नाही, एवढं साधं कारण. पुढे खाकी ड्रिलचं कापड सगळ्या साम्राज्यात पसरलं. तिरप्या विणीचं हे सुती कापड दणकट आणि धुवायला सोपं. पँट गुडघ्यावर कापायची चाल रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, उष्ण मुलखातल्या पलटणींत. तिचं श्रेय गुरखा पलटणींना द्यायची प्रथा आहे. पोटावर दोन बाजूंनी बक्कल असलेल्या, चुण्यांच्या रुंद पँटला आजही जगभर ‘गुरखा शॉर्ट्स’ म्हणतात.

लष्करात निदान साहेबही उन्हाळ्यात हाफ पँट घालायचा. पोलिसांत आणि शिपाईगिरीत तसं नव्हतं. मुंबईचा हवालदार स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं निळ्या हाफ पँटीत आणि पिवळ्या टोपीत चौकात उभा असायचा. त्याचा फौजदार फुल पँटीत. माणूस कोणत्या हुद्द्याचा, हे लांबून त्याच्या गुडघ्यावरून कळत होतं. महाराष्ट्रातल्या पुरुषांच्या मनात हाफ पँटीबद्दल जी अढी बसली, तिचं मोठं कारण मला हेच वाटतं. पोरसवदा दिसण्याची भीती नंतरची. ‘हाताखालचा’ दिसण्याची भीती आधीची.

इंग्रजांच्याच काळातली एक चड्डी मुंबईच्या नावाने ओळखली गेली, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने उष्ण प्रदेशांसाठी एक ढगळ खाकी चड्डी काढली. तिच्या पायांना जादा कापड असायचं. दिवसा ते वर दुमडून बटणांनी अडकवायचं. संध्याकाळी बटणं सोडून खाली ओढायचं आणि लांब मोज्यांत खोचायचं. कारण डास. हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, तेव्हा पाय दिवसा उघडे आणि रात्री झाकलेले हवेत, असा हिशोब. विचार उत्तम होता, शिवण मात्र बेढब. सैनिकांना ती आवडली नाही आणि त्यांनी तिला ‘बॉम्बे ब्लूमर्स’ म्हणायला सुरुवात केली; ब्लूमर्स म्हणजे बायकांची ढगळ विजार. तरीही ज्या अडचणीवर तिने तोडगा काढू पाहिला, ती आजही तशीच आहे: दुपारी सुखाची वाटणारी चड्डी दिवेलागणीला डासांमुळे नकोशी होते. दोन्ही महायुद्धांत मुंबई-कानपूरच्या गिरण्यांनी लष्करासाठी कापड विणलं. आपल्याकडच्या शाळांपर्यंत, हापिसातल्या शिपायांपर्यंत ड्रिल पोचलं त्यामागे हा पुरवठाही होता.

शाळेचा धागा वेगळ्या बाजूने येतो. इंग्लंडात मुलाने ठरावीक वयापर्यंत आखूड पँटच घालायची, लांब पँट मिळाली की तो मोठा झाला, अशी रीत होती. १९०७ साली तिथल्याच ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने मुलांचं पहिलं शिबिर भरवलं. त्यातून वाढलेल्या स्काउट चळवळीने चड्डीला शिस्तीचा आणि मोकळ्या हवेचा अर्थ दिला. आपल्याकडे पांढरा शर्ट आणि खाकी चड्डी हा जिल्हा परिषदेच्या शाळांचा ठरलेला पोशाख झाला. आठवीत फुल पँट शिवली जाणं हा घरातला छोटा सोहळाच असायचा. १९२५ साली नागपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशातली खाकी हाफ पँट तर नव्वद वर्षं टिकली. २०१६च्या विजयादशमीपासून तिथे तपकिरी फुल पँट आली. खेळांत, म्हणजे कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या सरावात, चड्डीला कुणी कधी हरकत घेतली नाही. आणि खेड्यातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीला दादा कोंडके यांनी पडद्यावर आणलं. ढगळ पाय, लोंबणारी नाडी. लोकांनी त्यांच्यावर अतोनात प्रेम केलं, पण ती चड्डी त्यानंतर भोळ्या गावरान गड्याची खूण म्हणूनच पक्की झाली.

हौसेची चड्डी आली ती दुसऱ्याच वाटेने. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटावर नॅथनिएल कॉक्सन नावाच्या चहाच्या दुकानदाराने १९१४च्या सुमारास नोकरांच्या खाकी पँटी गुडघ्यावर कापल्या, कारण आत उकडत होतं. तिथल्या नौदलाच्या अधिकाऱ्यांनी ती कल्पना उचलली, असं सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई आली आणि बेटावरच्या बँकांतली माणसं चड्डीवर कामाला येऊ लागली: वर कोट आणि टाय, खाली गुडघ्याच्या किंचित वर थांबणारी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत लांब मोजे. साहेब स्वतः चड्डी घालू लागला, तेव्हा तिच्यातला कमीपणा गेला. आपण सर्रास ‘बर्मुडा’ म्हणतो, पण त्या बेटावर तो कचेरीचा पोशाख आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

लंडनमध्ये तर १९२९ साली यासाठी चक्क एक संघटना निघाली: ‘मेन्स ड्रेस रिफॉर्म पार्टी’. ताठ कॉलर आणि जाड लांब पँटी पुरुषांच्या आरोग्याला घातक आहेत, त्यांनी चड्डी आणि सैल शर्ट घालावा, असा तिचा आग्रह. मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगेल हे तिच्यातलं ठळक नाव. पक्ष १९४० पर्यंत विरला, पण मुद्दा टेनिसने पुढे नेला. बनी ऑस्टिन या खेळाडूला घामाने जड झालेली फ्लॅनेलची पँट ओढत नेते असं वाटे. १९३२ साली तो अमेरिकेत चड्डी घालून खेळला आणि मग विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवरही तशीच घालून उतरला.

युद्धानंतर अमेरिकी विद्यापीठांत चड्डी आली ती मद्रासच्या चौकड्यांसह. १९५८ साली ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकी कपडे कंपनीच्या दुकानांत जे मद्रासी कापड गाजलं, ते मुंबईतून व्यवसाय करणाऱ्या कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांच्याकडून गेलं होतं. हेच नायर पुढे ‘लीला’ हॉटेलं उभारणार होते. धुताना त्या कापडाचा रंग जायचा. गिऱ्हाइकं आधी चिडली, मग जाहिरातदारांनी त्या फिकट होण्यालाच कापडाचं वैशिष्ट्य ठरवलं.

लांबी मात्र सतत हलत राहिली. १९७०-८०च्या दशकांत खेळाडूंच्या चड्ड्या अगदी आखूड होत्या. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनने लांब आणि सैल घालायला सुरुवात केली, १९९१ साली मिशिगन विद्यापीठाच्या पाच नव्या बास्केटबॉलपटूंनी ती गुडघ्यापाशी आणली, आणि नव्वदच्या दशकात लष्करी पँटचे फुगीर खिसे असलेल्या कार्गो चड्ड्यांचं पीक आलं. आपल्याकडे त्याच सुमारास थ्री-फोर्थ आली. पोटरीच्या मध्यावर थांबणारी ही पँट ना वारा देते ना पाय झाकते, आणि बुटक्या माणसाला आणखी बुटका दाखवते. ती मागे पडली याचा मला आनंदच आहे. गोव्याच्या किनाऱ्यांवर चड्डी आधीपासून चालतच होती. कॉलेजची मुलं तिथे फुलाफुलांची विकत घेत आणि परत आल्यावर कपाटात ठेवून देत. २०२० साली घरून काम सुरू झालं तेव्हा कॅमेऱ्यापुढे वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चड्डी असा वेष हजारो घरांत रुळला, आणि त्या सवयीतला काही भाग बाहेरही आला.

आता निवडीकडे. मुंबई-कोकणात हवा दमट, घाम सुकत नाही. तिथे कापडाइतकीच मोहरी, म्हणजे चड्डीच्या पायाचं खालचं तोंड, महत्त्वाची. मोहरी रुंद असेल तर चालताना वारा आत-बाहेर होतो. मांडीला चिकटणारी ताणाची चड्डी पायभर पँटपेक्षाही जास्त उकडते. नागपूर-चंद्रपूरला गोष्ट उलटी. पारा ४५ अंशांवर असेल तेव्हा हवा कातडीपेक्षा गरम असते. उघड्या पायांना ऊन आणि झळ थेट लागते. तिथे भर दुपारी पातळ सैल सुती पायजमाच बरा, चड्डी सूर्य कलल्यावर.

लांबी गुडघ्याच्या वाटीच्या दोन-तीन बोटं वर असावी. बर्म्युडाच्या बँकवाल्यांनी साधारण तीच ठरवली आणि ती जवळजवळ प्रत्येक अंगकाठीला शोभते. कापड सुती ड्रिल, पॉपलिन, लिनन किंवा सिअरसकर. सिअरसकरच्या विणीतले काही ताणे सैल सोडलेले असतात, त्यामुळे कापडाला बारीक चुण्या पडतात आणि ते अंगापासून सुटं राहतं. दमट हवेत याचा खरा उपयोग. पॉलिस्टर धावण्यापुरतं ठेवावं. चड्डी चौकड्यांची असेल तर वर साधा एकरंगी शर्ट, कॉलरचा असला तर आणखी चांगला. पायात कोल्हापुरी किंवा साधे कॅनव्हासचे बूट. खिशांचे फुगे टाळावेत. देवळात जायचं असेल तर पाय झाकूनच जावं, अनेक ठिकाणी आता तशी पाटीही असते.

शिवून घेणार असाल तर शिंप्याला दोन गोष्टी मुद्दाम सांगाव्यात: आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) थोडं खोल ठेवा, आणि मोहरीच्या आत दोन इंच कापड दुमडून राहू द्या. सुती ड्रिल पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं, तेव्हा ते कापड उसवून लांबी भरून काढता येते.