मे महिन्यात भरणारी नदी

आमच्या गावाकडे मे महिन्यात नदी म्हणजे नुसती दगडगोट्यांची वाट असते. पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, एखाद्या डोहात हिरवट पाणी उरलेलं असतं आणि बाकी सगळं कोरडं. सह्याद्रीतल्या नद्यांचं असंच आहे, गोदावरी घ्या नाहीतर भीमा घ्या, वरून पाऊस आला तर नदी, नाहीतर धरणातून सोडतील तेवढं पाणी. त्यामुळे पहिल्यांदा मे अखेरीला गंगोत्रीला गेलो तेव्हा डोक्यात नदीचं हेच चित्र होतं आणि तिथे बघितलं ते बरोबर उलटं. ऊन वाढेल तशी भागीरथी चढत होती. गोमुखाच्या, म्हणजे हिमनदीतून भागीरथी बाहेर पडते त्या तोंडाच्या वाटेवर एक ओढा सकाळी दगडांवर पाय टाकत सहज ओलांडला, तोच परत येताना दुपारी तीनला गुडघाभर झाला होता, ना पाऊस ना ढग. सोबतचा गढवाली गाइड एवढंच म्हणाला, "ऊपर धूप लगी है."

वर ऊन पडलंय म्हणून खाली पाणी वाढलंय! मराठी माणसाला हे वाक्य पचवायला जरा वेळ लागतो, पण हिमनदी म्हणजे काय ते सगळं त्यात आलं.

किल्ल्यांवर फिरणाऱ्यांना पाण्याचं टाकं माहीत असतं, कातळात खोदलेलं, पावसाळ्यात भरायचं आणि पुढचे आठ महिने गडाने त्यावर काढायचे. हिमनदी त्याच जातीची गोष्ट, फक्त टाक्यातलं पाणी आपण उपसावं लागतं आणि ही आपणहून देते, आणि उन्हाळा जितका कडक तितकं जास्त देते. ज्या वर्षी पाऊस कमी, आकाश मोकळं, ऊन तापलेलं, त्या वर्षी ती जास्त वितळते, म्हणजे सगळ्यात नड असते नेमकं तेव्हा. पृथ्वीवरच्या गोड्या पाण्यातलं साधारण ६९ टक्के बर्फात अडकलंय, त्यातला बहुतेक बर्फ अंटार्क्टिका आणि ग्रीनलँडमध्ये आहे, आपल्या हिमालयात त्या मानाने अगदी थोडा. पण त्या थोड्याच्या खाली किती माणसं राहतात ते बघा! मला विचाराल तर हिमनदीचं मोल तिच्या आकारात नाही, तिच्या या वेळ साधण्यात आहे.

आता ती बनते कशी? गंगोत्री हिमनदीच्या माथ्यावरच्या चौखंबा शिखराच्या (७,१३८ मीटर) उतारांवर जो बर्फ पडतो तो भुसभुशीत, हातात घेतला तर बहुतेक हवाच. उन्हाळ्यात तो सगळा वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, मग त्याच्या पुढच्या वर्षीचा, आणि वजनाखाली खालच्या थरांचे जाड साखरेसारखे दाणे होतात, दाणे एकमेकांना चिकटतात, हवा बाहेर दाबली जाते, उरलेली बारीक बुडबुड्यांत कोंडली जाते आणि अनेक वर्षांनी त्याचा घट्ट बर्फ होतो. असा बर्फ निळा दिसतो कारण त्यातून जाताना उजेडातला लाल रंग शोषला जातो. गोमुखापासून बऱ्याच अंतरावर (तोंडाशी जायचं नाही, वरून कधीही ढलपे कोसळतात) प्रवाहाच्या कडेला अडकलेला एक तुकडा मी उचलून कानाशी धरला होता. त्यातून टिकटिक आवाज येत होता, तेलात मोहरी तडतडते तसा पण खूप हळू. वितळताना आतले बुडबुडे फुटत होते. कोण जाणे किती जुनी हवा होती ती.

किती जुनी याचा ढोबळ हिशेब करता येतो. गंगोत्री हिमनदी जवळपास ३० किलोमीटर लांब आहे आणि एवढा जाड बर्फ एका जागी बसून राहत नाही, स्वतःच्या वजनाने लिबलिबीत होऊन आणि खालच्या ओल्या खडकावरून घसरत तो पुढे सरकतो. वेग सगळीकडे सारखा नसतो, पण वर्षाला ५० मीटर धरले तरी ३० किलोमीटरला ६०० वर्षं लागतील. म्हणजे माझ्या हातातला तुकडा अगदी वरून आलेला असेल तर तो शिवरायांच्या जन्माच्या कितीतरी आधी पडलेला हिमकण होता, आणि तो माझ्या मुठीत दोन मिनिटांत संपला. मला ते आठवून अजून कसंतरी होतं.

फोटोत बघून गेलेल्यांचा तिथे हिरमोड होतो हेही सांगतो. पांढरीशुभ्र वगैरे काही दिसत नाही, तोंडाकडचे कित्येक किलोमीटर दगड, खडी, मातीने झाकलेले, एखाद्या खडी क्रशरच्या आवारात आल्यासारखं वाटतं. पण तेही तिचंच काम आहे. दोन्ही बाजूंचे डोंगर ढासळतात, ते ती पाठीवर घेते, पोटाखालचा खडक घासते आणि त्याचं इतकं बारीक पीठ करते की भागीरथीचं पाणी वर्षातले बरेच महिने राखाडी दिसतं. आणि दगडांच्या या पांघरुणाची गंमत अशी की ते हातभर जाड असेल तर खालच्या बर्फाला उन्हापासून वाचवतं, पण नुसता पातळ थर असेल तर काळ्या रंगामुळे तापून उलट बर्फ जास्त वितळवतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३५ मध्ये जिओलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या जे. बी. ऑडन यांनी गोमुखाची मोजणी करून नकाशा काढून ठेवला म्हणून आज तुलना तरी करता येते. तिथपासून विसावं शतक संपेपर्यंत हिमनदीचं तोंड किलोमीटरभराहून जास्त मागे गेलं, वर्षाला सरासरी २० मीटरच्या आसपास. तिला मिळणाऱ्या उप-हिमनद्यांची नावं किती सुंदर आहेत, रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती, स्वच्छंद. यातली चतुरंगी पूर्वी मुख्य हिमनदीला येऊन मिळायची, आता ती मागे हटून वेगळी पडलीय.

"हिमनद्या गेल्या की गंगा आटली" असे मेसेज फिरतात ते मात्र खरं नाही आणि आपल्या बाजूचं असलं तरी चुकीचं ते चुकीचंच. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या गटाच्या २००७ च्या अहवालात २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या संपतील असं वाक्य गेलं होतं, ते २०१० मध्ये मागे घ्यावं लागलं आणि त्याने खऱ्या धोक्यावरचाच लोकांचा विश्वास उडाला. पाटण्याला गंगेत जे पाणी वाहतं त्यातलं बहुतेक पावसाचं आणि जमिनीत मुरलेलं असतं, हिमनद्यांचा वाटा थोडा. पण वर जावं तसा तो वाढत जातो, आणि सिंधूच्या खोऱ्यात तर खूपच मोठा आहे. लडाख, स्पितीसारख्या ठिकाणी पाऊस जवळजवळ नाहीच, तिथे पेरणीच्या दिवसांत वरून बर्फाचं पाणी आलं नाही तर जवाचं शेत उभंच राहत नाही. त्या गावांसाठी हे आत्ताचं संकट आहे.

यातली फसवी गोष्ट म्हणजे हिमनदी आटायला लागली की आधी पाणी वाढतं. काही दशकं नदी भरलेली दिसते, लोकांना वाटतं सगळं ठीक चाललंय, त्या हिशेबाने शेती आणि वीजप्रकल्प वाढतात आणि मग एकदा शिखर गाठून पाणी उतरणीला लागतं. हिमालयाचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या इसिमोड संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की हिंदुकुश हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० मध्ये आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने घटल्या. मागे हटलेल्या तोंडाशी दगडामातीच्या बांधामागे तळी साचतात ते वेगळंच. २०१३ ला केदारनाथच्या वरचं चोराबारी ताल फुटलं ते आपल्याकडच्या कितीतरी यात्रेकरूंनी भोगलंय, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधल्या साउथ ल्होनाक तलावाच्या पुराने चुंगथांगचं अख्खं धरण नेलं.

मग वाचवायचं म्हणजे काय करायचं, बर्फावर ताडपत्री तर घालता येणार नाही. मुख्य कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड, त्यावर जगाने मिळून काम केल्याशिवाय सुटका नाही, आणि त्यात प्रत्येक दशांश डिग्रीने फरक पडतो, "आता काय उपयोग" म्हणणं साफ चूक आहे. पण एक गोष्ट जवळची आहे, काजळी. चुलीचा धूर, डिझेलच्या गाड्या, वीटभट्ट्या, वणवे, यांची काजळी वाऱ्याबरोबर वर जाऊन बर्फावर बसते आणि मघाशी सांगितला तोच पातळ काळा थर तयार होतो. नवा बर्फ ८०-९० टक्के ऊन परत फेकतो, मळलेला झाला की तेच ऊन पोटात घेतो. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो, काजळी मात्र काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसते, म्हणजे धूर कमी केला तर फायदा आपल्याच हयातीत दिसेल. गोमुखाला दिवसाला १५० च माणसं सोडतात, परमिटशिवाय जाता येत नाही, त्यावर यात्रेकरू चिडतात. मला तो नियम योग्यच वाटतो, उलट गाड्यांनाही असाच आकडा असावा. गोमुखाच्या वाटेवरच्या भोजबासा मुक्कामाचं नावच भूर्जाच्या झाडांवरून पडलंय आणि तिथे आज भूर्ज शोधावा लागतो, सरपणाला तोडून संपला.

येताना मी गोमुखाच्या बाजूचं लिटरभर पाणी बाटलीत आणलं होतं. घरी देवघरात तांब्याचा बंद गडू आहे, आजीच्या सासूने काशीहून आणलेला, त्याच्याशेजारी ती बाटली ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी वर नितळ झालेलं आणि तळाला राखाडी गाळाचा पातळ थर बसलेला. आजीला वाटलं पाणी घाण निघालं. मी सांगितलं की चिखल नाही, वरच्या डोंगराचा दगड आहे, बर्फाने घासून घासून एवढा बारीक केलेला. तिने थोडा बोटांवर घेतला, अंगठ्याने चोळून बघितला आणि म्हणाली, "सहाणेवर उगाळल्यासारखा आहे की रे."