अमेरिकन ऑर्केस्ट्रा परदेशात का पाठवायला लागले? थोडी पार्श्वभूमी

2008 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ही ऑर्केस्ट्रा उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांगला जाऊन अमेरिकन संगीतकार गर्शविनचं ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ वाजवून आली, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. पण हा प्रकार काही तेव्हा सुरू झालेला नाही, त्याचं मूळ थेट 1954 मध्ये आहे आणि तिथे संगीतापेक्षा इज्जतीचा प्रश्न जास्त होता.

झालं असं की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेकडे पैसा होता, बॉम्ब होता, हॉलिवूड होतं, पण युरोपातली सुशिक्षित मंडळी म्हणायची की यांच्याकडे संस्कृती कुठाय, आणि सोव्हिएत प्रचारयंत्रणाही हेच तुणतुणं वाजवत होती. त्यात सोव्हिएत कलाकार जगभर फिरून टाळ्या घेत होते. मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने 1954 मध्ये काँग्रेसकडून (म्हणजे अमेरिकन संसदेकडून) 50 लाख डॉलरचा आणीबाणी फंड मागून घेतला, आणीबाणी कसली तर नाटक, नाच आणि संगीत बाहेर पाठवायची! दोन वर्षांनी त्याचा कायमस्वरूपी कायदाच झाला.

कोणाला पाठवायचं हे ठरवायला जाणकारांचं पॅनल होतं, त्यात व्हर्जिल थॉमसन, विल्यम शुमन असे स्वतः कंपोझर असलेले लोक बसलेले. साहजिकच बाहेर गेलात की नुसतं बीथोव्हेन-ब्राम्स नको, आपल्या माणसांचंही काहीतरी वाजवा असा आग्रह धरला गेला. मला हा मुद्दा सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण खुद्द अमेरिकेत तेव्हा नेहमीच्या कॉन्सर्टला अमेरिकन रचना फार कमी असायच्या. घरी कोणी विचारत नाही आणि बाहेर मात्र मिरवायचं, असं काहीसं.

अमेरिकन कंपोझर आरन कॉपलंडचंच बघा ना. जानेवारी 1953 मध्ये आयझेनहॉवरच्या शपथविधीच्या कॉन्सर्टमधून त्याची ‘लिंकन पोर्ट्रेट’ ही रचना काढून टाकली, का तर हा डाव्या विचारांचा, त्याच वर्षी कम्युनिस्ट शोधत फिरणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या कमिटीसमोर त्याची चौकशी पण झाली, आणि 1960 मध्ये त्यालाच सरकारी अदलाबदलीत सोव्हिएत युनियनला पाठवलं!

सोव्हिएत दार उघडलं ते हळूहळू. 1956 मध्ये बॉस्टन सिम्फनी लेनिनग्राड-मॉस्कोला गेली, तिथे वाजवणारी पहिली अमेरिकन ऑर्केस्ट्रा. मग जानेवारी 1958 मध्ये दोन्ही देशांत रीतसर करार झाला, तुम्ही आमचे कलाकार घ्या, आम्ही तुमचे घेतो, आणि त्यातून फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा तिकडे गेली तर मोइसेयेव्हचा नाचाचा ग्रुप आणि पुढे बोल्शॉय बॅले अमेरिकेत आले. मोइसेयेव्हवर तर अमेरिकन पब्लिक अक्षरशः फिदा झालं.

पण खरी गाजली ती 1959 ची न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची टूर. दहा आठवडे, 17 देश, 50 कॉन्सर्ट, आणि कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाईन, वय 41, बोलायची प्रचंड हौस. मॉस्कोत त्याने चार्ल्स आयव्हजचं ‘द अनआन्सर्ड क्वेश्चन’ घेतलं. हा आयव्हज पोटापाण्यासाठी इन्शुरन्सचा धंदा करायचा आणि उरलेल्या वेळात असलं काळाच्या पुढचं लिहायचं. पाच-सहा मिनिटांचीच रचना, मागे व्हायोलिन वगैरे तारवाद्यं एकदम शांत चाललेली, ट्रम्पेट तोच तोच प्रश्न विचारतो आणि बासऱ्या उत्तर देता देता चिडत जातात. बर्नस्टाईनने आधी दुभाषा घेऊन लोकांना हे समजावून सांगितलं, तिथे अशी पद्धतच नव्हती, आणि वाजवून झाल्यावर तीच रचना परत वाजवली. एका सोव्हिएत समीक्षकाने यावरून त्याला झोडपलं, की टाळ्या जेमतेम पडल्या तरी यानेच पुन्हा वाजवायची टूम काढली. बर्नस्टाईन जाम भडकला. पण शेवटच्या कॉन्सर्टला सोव्हिएत कंपोझर शोस्ताकोविच स्वतः हजर, त्याची पाचवी सिम्फनी अमेरिकन लोकांनी वाजवली, आणि श्रोत्यांत रशियन लेखक पास्तरनाक होता, ज्याला आदल्याच वर्षी सोव्हिएत सरकारने नोबेल नाकारायला लावलं होतं.

एक गोष्ट मात्र राहून जाते. स्वातंत्र्य-समतेचा झेंडा घेऊन फिरणाऱ्या या फिलहार्मोनिकमध्ये तेव्हा एकही कृष्णवर्णीय कायम वादक नव्हता, पहिला आला 1962 मध्ये, व्हायोलिनवादक सॅनफर्ड ॲलन.

आपल्याकडे याच सरकारी योजनेतून जॅझवाले आले, 1958 ला डेव्ह ब्रुबेक मुंबईत येऊन सतारिये हलीम जाफर खान यांना भेटला, 1963 ला ड्यूक एलिंग्टन आला. 1984 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक भारतात आली तेव्हा कंडक्टर होते आपले मुंबईचे झुबिन मेहता. त्याच टूरमध्ये मलेशियाने ज्यू विषयावरची अर्न्स्ट ब्लॉकची ‘शेलोमो’ ही रचना काढा असं सांगितलं आणि ऑर्केस्ट्राने शेवटी तिथे जाणंच रद्द केलं.

आता परत प्याँगयांग. 26 फेब्रुवारी 2008, कंडक्टर लोरिन माझेल, स्टेजवर दोन्ही देशांचे झेंडे, दोन्ही राष्ट्रगीतं, ड्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी, गर्शविन, आणि शेवटी ‘आरिरांग’ हे कोरियन लोकगीत, त्यावर म्हणे लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मे 2009 मध्ये उत्तर कोरियाने दुसरी अणुचाचणी केली. त्यांच्या सरकारी सिम्फनी ऑर्केस्ट्राला अमेरिकेत बोलवायची चर्चा नंतर झाली खरी, पण 1958 सारखा तुम्ही-या-आम्ही-येतो करार काही झाला नाही आणि ती ऑर्केस्ट्रा अमेरिकेत काही आली नाही.